चाक जुनं, सायकल नवी

सायकलीचा विषय निघाला की मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. मोठ्यांनाही तो पडलेला असतो, पण ते विचारत नाहीत. चाक माहीत होऊन पाच हजारांवर वर्षं झाली. बैलगाड्या झाल्या, रथ झाले, रहाट झाले. मग एका चाकामागे दुसरं चाक लावून मध्ये बसायला फळी ठोकायची, एवढ्यासाठी १८१७ साल का उजाडावं लागलं? मधल्या शतकांत हे कुणाला सुचलंच नाही?

कदाचित सुचलंही असेल. लिओनार्दो दा विंचीच्या नावावर खपणारं सायकलीचं एक चित्र प्रसिद्ध आहे. ते नंतर कुणीतरी काढलेलं आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण ते खरं निघालं असतं तरी फरक पडला नसता. रायगडच्या किनाऱ्यावर चौल-रेवदंड्याकडच्या एखाद्या वाडीत बैलगाडीचं जुनं चाक गडग्याला टेकवलेलं दिसलं तर ते उचलून पाहावं, म्हणजे अडचण कळते. ते ओढायला बैलाला काही वाटत नाही. धडधाकट माणूस मात्र तासन्‌तास राबताना सुमारे १०० वॅट एवढीच शक्ती देऊ शकतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे आपण एका यांत्रिक घोड्याचा जेमतेम सातवा हिस्सा. एवढ्या तुटपुंज्या बळावर स्वतःचं वजन आणि गाडीचं वजन दोन्ही ओढायचं, तर गाडी जवळजवळ नसल्यासारखीच हवी.

सायकलीची गोष्ट म्हणजे लोखंड हलकं कसं झालं याची गोष्ट. तिची सुरुवात मात्र लाकडापासून होते.

१. पायडल नसलेली सायकल

कार्ल फॉन द्रायस हा जर्मनीतल्या बाडेन संस्थानाचा वनाधिकारी. १२ जून १८१७ रोजी तो मानहाइम शहरातून आपल्या लाकडी दुचाकीवर निघाला आणि तासाभराच्या आत तेरा-चौदा किलोमीटरचा फेरा मारून परतला. गाडीला पायडल नव्हतं, चेन नव्हती, ब्रेकही नावापुरताच. स्वाराने मध्ये बसायचं, दोन्ही पाय जमिनीला लावायचे आणि मागे रेटत राहायचं. वजन बावीस किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या मोठ्या सायकलीएवढंच.

द्रायसला ही गरज का वाटली? १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, त्याच्या राखेने १८१६ चा युरोपातला उन्हाळा गारठला, पिकं बुडाली, ओट महागला, घोडे पोसणं परवडेना, आणि म्हणून घोड्याविना चालणारं वाहन निघालं, असा संबंध काही इतिहासकार जोडतात. तारखा छान जुळतात. पण गोष्ट इतकी नेटकी आहे की तिच्यावर थोडा संशय ठेवलेला बरा.

द्रायसची खरी कमाई वेगळी होती. एकामागे एक अशी दोन चाकं आडवी होत नाहीत, पुढचं चाक वळवता आलं की तोल सावरता येतो, हे त्याने करून दाखवलं. त्याआधी हे कुणाला खरं वाटलं नसतं. पुढे मात्र गाडी अडली. रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल असत की स्वार पादचाऱ्यांच्या वाटेवर चढत, आणि मग अनेक शहरांनी या यंत्राला तिथे बंदी केली. चाळीसएक वर्षं ते बड्या लोकांची मौज म्हणून उरलं.

२. मोठं चाक आणि बारीक तारा

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये कुणीतरी पुढच्या चाकाच्या आसाला पायडलं बसवली. ‘कुणीतरी’ असंच म्हणावं लागतं, कारण पिएर मिशो आणि पिएर लालमाँ या दोघांपैकी पहिला कोण हा वाद अजून मिटलेला नाही. लालमाँने १८६६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं एवढं निश्चित. लोखंडी सांगाडा, लाकडी चाकं, त्यांवर लोखंडी धाव; दगडी रस्त्यावर ही गाडी अशी हादरे की इंग्रजांनी तिला हाडं खिळखिळी करणारी म्हणूनच नाव ठेवलं.

दुसरी अडचण हिशेबाची होती. पायडल थेट चाकाला, म्हणजे पायडलचा एक फेरा तो चाकाचा एक फेरा. लहान मुलांच्या तीनचाकीत आजही तसंच असतं. चाकाचा व्यास ९० सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्यात गाडी २.८ मीटर जाते. वेग हवा तर चाक मोठं करा. १३० सेंटिमीटरच्या चाकाने तोच फेरा ४.१ मीटर नेतो. त्यापुढे पाय पोचत नाहीत. म्हणून १८७० नंतरची ती विचित्र सायकल जन्माला आली, पुढे छातीएवढं उंच चाक आणि मागे एक चिमुकलं. तिच्यावर माणूस का बसत असे, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

पण इतकं मोठं चाक लाकडी आऱ्यांचं केलं तर परत बैलगाडीच. इथे तारेचं चाक आलं. पॅरिसचा युजीन मेयर आणि कोव्हेंट्रीचा जेम्स स्टार्ली ही या संदर्भातली दोन मोठी नावं. लाकडी आरा खालून आधार देतो; गाडीचं वजन आसावाटे खालच्या आऱ्यावर दाबलं जातं. बारीक तारेवर असा भार दिला तर ती वाकेल. मचव्याची डोलकाठी आठवा. चहूबाजूंचे दोर तिला ताणून धरतात. दोर ढकलू शकत नाही, पण ओढू शकतो, आणि सगळ्या बाजूंनी सारखं ओढलं की काठी जागची हलत नाही. सायकलीच्या चाकात आस हा असाच चारी बाजूंनी ताणलेला असतो. भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा सैलावतो, इतकंच. चाक ‘आउट’ गेलं म्हणजे हा ताण कुठेतरी कमीजास्त झाला. मेस्त्री चाक फिरवून, एकेक तार बोटाने छेडून, छोट्या चावीने घट्ट-सैल करतो. दीडशे वर्षांत या कामाची पद्धत फारशी बदललेली नाही.

या उंच सायकलीवरून पडणं म्हणजे डोक्यावर पडणं. तरीही थॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून तिच्यावर बसून निघाला, आणि १८८६ मध्ये लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने भारत ओलांडून गेला.

३. नळी, चेन आणि दात्यांचा गुणाकार

१८८५ मध्ये जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. दोन जवळपास सारखी चाकं, स्वार मध्ये, पायडल खाली, आणि तिथून मागच्या चाकाला चेन. आजची कुठलीही सायकल तिच्या शेजारी उभी केली तर नातं ओळखू येतं.

चेन आधी का नव्हती? साधी साखळी दात्यांवर घासून ताणली जाते आणि निसटते. प्रत्येक कडीत फिरती नळकांडी असलेली चेन हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये १८८० मध्ये तयार केली. असे शेकडो बारीक तुकडे अगदी एकसारखे आणि स्वस्तात पाडणारी यंत्रंही त्याच सुमारास आली. लिओनार्दोच्या काळातल्या लोहाराला हे जमणं शक्य नव्हतं.

चेनने मोठ्या चाकाची गरज संपवली. काळ्या मोठ्या सायकलीच्या पायडलच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते धरा. ४४ भागिले १८ म्हणजे साधारण २.४४, पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर. गुणाकार केला की एका फेऱ्यात ५.४ मीटरहून थोडं जास्त. हेच अंतर चेनशिवाय कापायचं तर पाच फूट आठ इंच व्यासाचं चाक लागलं असतं. मिनिटाला साठ फेरे मारले तर तासाला साडेएकोणीस किलोमीटर होतात. अलिबाग ते रेवदंडा हे सतरा-अठरा किलोमीटरचं अंतर, म्हणजे तासाच्या आत, अर्थात समोरून वारा नसेल आणि शनिवारची नागावची गर्दी आडवी आली नाही तर.

रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला गेलं की हिशेब बदलतो. तिथून कोर्लई, काशीदकडे रस्ता डोंगराच्या सोंडांवर चढतो-उतरतो. अडीचचं प्रमाण चढावर मांड्या भरून आणतं. पुढे २८ आणि मागेही २८ दाते असतील तर एका फेऱ्यात गाडी फक्त सव्वादोन मीटर जाईल, पण जोर निम्म्याहून कमी लागेल. गिअर म्हणजे एवढंच. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब १९०२ चा. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी युक्ती फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्हीसारख्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वाढवली. आपल्या किनाऱ्यावर मात्र गिअरची सायकल सर्रास दिसायला फार उशीर झाला. वाडीतून बाजारपेठ आणि परत, या सपाट रस्त्यावर तिचं काम नव्हतं.

आता नळी. एक मीटर लांब, २८ मिलिमीटर जाडीची भरीव पोलादी सळई सुमारे ४.८ किलो भरते. तेवढ्याच जाडीची, पण १.६ मिलिमीटर भिंतीची पोकळ नळी घ्या. वजन एक किलोच्या जरा वर. वाकायला विरोध मात्र सळईच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त उरतो. म्हणजे जवळपास चार पंचमांश वजन गेलं आणि ताकद तेवढी गेली नाही, कारण वाकवताना खरा भार बाहेरच्या थरावर येतो, मधलं लोखंड नुसतं बसून असतं. चांगली पोलादी नळी स्वस्त झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. सुरुवातीच्या प्रश्नाचं सर्वांत वजनदार उत्तर, माझ्या मते, हेच आहे.

४. हवा

जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी करावेत म्हणून त्याने रबरी नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली, वर्ष १८८८. ही कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच पेटंट केली होती आणि जग ती विसरून गेलं होतं. पुढे त्यामुळेच डनलॉपचं पेटंट रद्द ठरलं.

हवेच्या टायरने नुसता आराम दिला असं नाही. कडक धाव खड्यावर आली की सगळी गाडी आणि स्वार वर उचलले जातात. ती शक्ती वाया. हवेचं टायर खड्याला आपल्यात सामावून घेतं आणि गाडी सरळ पुढे जाते. १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतीत अशा टायरवरचा स्वार जिंकला आणि कडक टायरचे दिवस भरले. आत वेगळी ट्यूब आणि वर काढता येणारं टायर ही सोय १८९१ च्या सुमारास मिशलँ बंधूंनी रूढ केली. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणं, कानशीने घासून सोल्युशन लावणं, ठिगळ दाबून धरणं हा सगळा धंदा त्यातून उभा राहिला.

या मऊ हवेची एक काळी बाजू आहे आणि सायकलीचे गोडवे गाताना ती वगळली जाते. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलीचं वेड पसरलं, रबराची मागणी भडकली, आणि बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या ताब्यातल्या काँगोमध्ये रबर गोळा करून घेण्यासाठी माणसांचे हात तोडण्यापर्यंत मजल गेली.

५. बेळगावचं दुकान

मराठी मुलखात सायकल कशी आली, याचा सर्वांत रंजक धागा बेळगावात सापडतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. मुंबईहून ते सायकली पाठवत आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव या सायकलीच्या दुकानाचं. कंपनी आपला आरंभ १८८८ चा सांगते. विकायचं तर आधी शिकवायला हवं, म्हणून गिऱ्हाइकाला चालवायला शिकवणं हाही धंद्याचा भाग होता. मोडलेल्या परदेशी यंत्राचे सुटे भाग मिळत नसताना ते दुरुस्त करणं, ही त्यांनी पुढे बनवलेल्या लोखंडी नांगराची आणि १९१० च्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची तालीम होती असं मी म्हणेन.

त्या काळी सायकली इंग्लंडहून येत. कोव्हेंट्री, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम ही गावं आपल्याकडे सायकलीमुळेच लोकांच्या तोंडी झाली. घेणारे वकील, डॉक्टर, अधिकारी. १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला, स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत आणि विशेषतः लुधियानाने बाजार व्यापला; हीरो सायकल्स १९५६ ची. तेव्हा कुठे सायकल शिक्षकाच्या, पोस्टमनच्या, पाववाल्याच्या हाती आली. ज्याच्याकडे नव्हती तो तासावर भाड्याने घेई. पाय न पोचणारी मुलं दांड्याखालून पाय घालून ती शिकली.

किनाऱ्यावर तिला आणखी एक गोष्ट मानवली. आक्षी, नागाव, चौल इथल्या वाड्यांमधून जाणाऱ्या गल्ल्या दोन चिऱ्यांच्या गडग्यांत चेपलेल्या असतात. तिथे बैलगाडी शिरली की समोरच्याला मागे जावं लागे. सायकलीला हातभर वाट पुरते.

६. पडत का नाही?

हा प्रश्न सोपा वाटतो आणि तज्ज्ञांना अजून पुरता सुटलेला नाही. शाळेत सांगतात की फिरतं चाक भोवऱ्यासारखं तोल धरतं. ते अर्धवट खरं आहे. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मुद्दाम अशी सायकल बनवली जिच्यात हा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी रद्द केला होता, पुढच्या चाकाची नेहमीची ठेवणही बदलली होती. ढकलून सोडल्यावर ती तरीही स्वतःला सावरत गेली. मुद्दा एवढाच निघाला की सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचं चाक वळलं पाहिजे, म्हणजे गाडी कलत्या वजनाखाली जाऊन उभी राहते. नवशिका पडतो तो घाबरून उलटीकडे हँडल वळवतो म्हणून.

७. खाडी आणि खारा वारा

रायगडच्या किनाऱ्याचा नकाशा पाहिला तर रस्ता सलग नाही. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्री अशा खाड्यांनी तो तोडलेला आहे. कुठे पूल झाले, कुठे अजून पाण्यावरूनच जावं लागतं. मुंबईहून किनाऱ्या-किनाऱ्याने गोव्याकडे निघणारे सायकलस्वार भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडवा किंवा रेवसला उतरतात, मग आगरदांड्याहून दिघी, पुढे बागमांडल्याहून सावित्रीपलीकडे वेश्वी, असे फेरीबोटींनी तुकडे जोडत जातात. दिवेआगरहून आरावी, कोंडविलवरून श्रीवर्धनला समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता त्यांना वाटेत मिळतो. मोठी फेरीबोट मोटारीही नेते. पण रेवस-करंजासारख्या छोट्या लाँचमध्ये चढवायची तर वीस किलोची सायकल एका माणसाला खांद्यावर घेता येते. पोकळ नळीचा फायदा इथे रोकडा दिसतो.

तीच नळी इथे मारही खाते. हवेतलं मीठ सायकलीवर बसतं. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस पडला नाही, सायकल पडवीत असली, तरी तिच्यावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर असतो. या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि लोखंडाचं गंजणं वेगाने होतं. वर चमकणारं क्रोम फार पातळ असतं, त्याला सूक्ष्म भेगा असतात. गंज तिथून आत शिरतो. भरीव सळईवर एक मिलिमीटर गंज चढला तर फारसं बिघडत नाही. १.६ मिलिमीटरच्या भिंतीत एक मिलिमीटर गेला तर सायकल एके दिवशी खड्ड्यात मोडते. आणि अनेकदा ती बाहेरून नव्हे, आतून खाल्ली जाते. सीटच्या दांड्याच्या फटीतून पाणी शिरतं आणि पायडलच्या आसाजवळ, चौकटीच्या सर्वांत खालच्या भागात साचतं. बाहेरून रंग शाबूत असतो.

पुळणीवर सायकल चालवायची हौस असेल तर ओहोटीच्या वेळी, पाणी नुकतंच सरलेल्या पट्ट्यात चालवावी. भिजलेली वाळू घट्ट असते, कोरडीत चाक रुततं. पण लाटेत चाक घालू नये, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी. नंतर कोरड्या फडक्याने पुसून चेनच्या प्रत्येक कडीवर आतल्या बाजूने तेलाचा एक थेंब सोडावा आणि बाहेरचं तेल पुसून टाकावं. तेलाची गरज नळकांड्याच्या आत असते. बाहेर राहिलेलं तेल वाळू धरतं, आणि तेल-वाळूचं मिश्रण चेन आणि चक्रांचे दाते घासून काढतं. पावसाळ्याआधी ओव्हरहॉलिंग करून घ्यावं, छर्ऱ्यांचं जुनं ग्रीस काढून नवं भरावं. चौकटीच्या खालच्या भागाला पाणी जाण्याचं बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं नाही हे पाहावं.

ॲल्युमिनिअमच्या नव्या सायकली गंजत नाहीत म्हणून लोक निर्धास्त होतात. सांगाडा गंजत नाही हे खरं. पण ॲल्युमिनिअमच्या नळीत पोलादी सीटचा दांडा असेल, किंवा उलट, तर खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांशी बॅटरीसारखे वागतात. ॲल्युमिनिअमची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि दांडा आत पक्का अडकतो. दर दोन-तीन महिन्यांनी दांडा बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवला तर हे टळतं. नाहीतर सीट वरखाली करायची वेळ येते तेव्हा मेस्त्री आधी हातोडी घेतो आणि मग करवत.